शेजारच्या बीटचा फोन नंबर

देगलूर तालुक्यातल्या एका तरुण ग्रामपंचायत सदस्याने विचारलं आहे: "गावाच्या जैवविविधता समितीचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलंय. एका कार्यशाळेत 'वनसंवर्धन आणि हवामानबदलासाठी प्रादेशिक सहकार्य' यावर दोन तास ऐकून आलो. आमच्याकडे जंगल म्हणावं असं काही नाही. ऐंशी एकर गायरान आणि एक टेकडी. एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. सहकार्य करायचं ते कोणाशी आणि कशाचं? आणि आमच्या टेकडीवर झाडं लावून हवामानात असा काय फरक पडणार?"

मी वनखात्यात एकतीस वर्षं काढली. सुरुवात किनवटकडच्या सीमेवर, शेवट बालाघाटच्या उघड्या डोंगरांवर. त्या अनुभवावरच लिहितो. मंत्रालयातून हे चित्र वेगळं दिसत असेल.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घोळ तिथेच जास्त आहे.

तुमच्या टेकडीवरच्या झाडांनी जगाचं तापमान कमी होणार नाही. पॅरिस कराराच्या वेळी भारताने 2030 पर्यंत जंगलं आणि झाडं वाढवून 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषून घेण्याचं कबूल केलं. त्या आकड्यापुढे ऐंशी एकर मुरमाड गायरान कुठे दिसणारही नाही. कोरड्या भागातलं झाड सावकाश वाढतं, त्याच्या अंगात कार्बनही सावकाशच साठतो. त्यामुळे कोणी कार्बन क्रेडिटचे, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणारे, पैसे मिळवून देतो म्हणत आला, तर चहा पाजा पण सही करू नका. निदान करारातली सगळी कलमं मराठीत वाचून घेतल्याशिवाय तरी नाही. किती वर्षं जमीन अडकणार, चराईचं काय, झाडं जळाली तर नुकसान कोणाच्या माथी, हे तीन प्रश्न विचारले की बरेच जण दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाहीत.

टेकडी सांभाळायची ती आपल्या अंगावर जे येतंय ते थोडं सुसह्य व्हावं म्हणून. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तुम्हाला आठवत असेल. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा टँकर, प्रत्येकी पन्नास हजार लिटर. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये तुमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पुराने रावणगाव, हसनाळची काय दशा केली ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. आपल्याकडे वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण आता तो वर्षभराचा हिशेब दोन-चार दिवसांत चुकता करतो आणि मधले पंचवीस दिवस कोरडे घालवतो. उघड्या टेकडीवर असा पाऊस पडला की पाणी माती घेऊन खाली येतं. गवत आणि झुडपं असतील तर त्यातलं बरंच जागच्या जागी मुरतं, उरलेलं उशिरा उतरतं.

जंगल असतं तर मुखेडला पूर आलाच नसता, असं मात्र मी म्हणणार नाही. ढगफुटीसारख्या पावसापुढे सह्याद्रीतले दाट जंगलाचे डोंगरसुद्धा खचतात. पण त्या रात्री लेंडीत आलेलं पाणी एकट्या मुखेडचं नव्हतं. ते लातूर-उदगीरकडून आणि कर्नाटकातून उतरलं होतं. म्हणजे तुमच्या तालुक्याच्या नशिबाचा काही भाग दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या राज्यातल्या टेकड्यांवर ठरतो. 'प्रादेशिक सहकार्य' या जड शब्दांचा आपल्यापुरता अर्थ मी एवढाच घेतो.

आता 'आमच्याकडे जंगल नाही' याबद्दल. मराठवाड्याची ही ठसठस खरी आहे. 1988 च्या राष्ट्रीय वनधोरणात 33 टक्क्यांचं उद्दिष्ट आहे, आणि लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्कासुद्धा नाही. आठ जिल्ह्यांत जंगलाच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरा नांदेड, तोही किनवट-माहूरमुळे. पण या आकडेवारीने आपलं एक मोठं नुकसान केलं. जंगल म्हणजे झाडं, झाडं नसतील ती जमीन पडीक, आणि पडीक जमीन म्हणजे कोणीही यावं नि काहीही करावं, असा समज पक्का झाला. आपल्या माळरानावर पवन्या, शेडा, मारवेल ही गवतं होती. त्यांच्यावर देवणी आणि लाल कंधारी जनावरं पोसली गेली. लांडगा, काळवीट, खोकड ही माळाची जनावरं. जिथे मुळात गवत आणि विरळ झाडं हीच निसर्गाची रीत, तिथे खड्डे घेऊन दाट झाडी उभी करणं म्हणजे चांगलं गवत उपटून वाईट जंगल लावणं.

हे शहाणपण मला उशिरा आलं. बालाघाटात एका डोंगरावर आम्ही गिरीपुष्प लावलं होतं, ग्लिरिसिडिया. फांदी खोचली की जगते, गुरं तोंड लावत नाहीत, दुसऱ्या वर्षी फोटोत सगळं हिरवंगार. वरिष्ठ खूश, जगण्याची टक्केवारी उत्तम. चौथ्या वर्षी मी त्या डोंगरावर एका म्हाताऱ्या धनगरासोबत उभा होतो. त्याने काठीने पालापाचोळा बाजूला केला. खाली गवताची एक काडी नव्हती. "सायब, डोंगर हिरवा केलाव, पर उपाशी केलाव," म्हणाला. त्याच्या मेंढ्या त्या वर्षी शेजारच्या राखीव भागात घुसल्या आणि दंडाची पावती मीच फाडली. पुढच्या काळात 2019 ची 33 कोटी वृक्षलागवड झाली, घनवनांची लाट आली. खड्डे मोजणाऱ्या प्रत्येक मोहिमेत मला तो डोंगर आठवत राहिला.

तर सहकार्य कोणाशी?

आधी थोडा इतिहास, कारण तुमच्या सीमेवर तो अजून जिवंत आहे. आज जी राज्याची हद्द दिसते ती 1956 ची. त्याआधी मराठवाडा, बीदर आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. किनवट तालुका तर आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता, राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. म्हणजे किनवटचं सागाचं जंगल आणि पलीकडचं आदिलाबादचं जंगल ही दोन जंगलं कधी नव्हतीच. त्यातल्या माणसांना हे नीट ठाऊक आहे. पौषात केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, तिला किनवट-माहूरकडचे गोंड बांधव आजही जातात. सोयरिकी इकडून तिकडे होतात. हद्द आली ती खात्यांच्या कागदांवर. या बाजूचा नकाशा त्या ओळीशी संपतो, पुढे पांढरं.

त्या पांढऱ्या जागेत काय होतं ते एका रात्री मला कळलं.

सीमेवरच्या एका बीटात मी नवीन होतो. बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या ताब्यातलं जंगल. मार्चचा शेवटचा आठवडा, मोहाची फुलं पडायला लागलेली. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, आणि वारा सुटला की तेवढी ठिणगी पुरते. रात्री दहाच्या सुमारास कड्यावर लाल रेघ दिसली. आम्ही म्हटलं, पलीकडची आहे, ते बघतील. अकराला ती आमच्या उतारावर आली. चौघे होतो, हातात पळसाच्या ओल्या फांद्या. तेव्हा पाठीवर घ्यायचे ब्लोअर नव्हते. आगीला समोरून भिडायचं नसतं, बाजूने झोडपत तिचं तोंड अरुंद करत न्यायचं असतं. हे सांगायला सोपं. सागाचा वाळका पाला तव्याएवढा असतो, तो जळता उडतो आणि तुमच्या पाठीमागे जाऊन पडतो. पहाटे चारला ती नाल्याच्या ओलीपाशी थांबली. आम्ही विझवली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उजाडताना हद्दीच्या बुरुजापाशी गेलो, तर तिथे पलीकडचे तिघे बसलेले. तोंडं आमच्यासारखीच काळी. तेही रात्रभर झोडपत होते, आमच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर. त्यांना वाटलेलं, आग महाराष्ट्रातून आली. आमचा पाण्याचा कॅन त्यांनी संपवला. एकाची आई किनवटकडची, तो झकास मराठी बोलायचा. म्हणाला, "अन्ना, एक फोन करायचा ना." मी म्हटलं, नंबर कुठंय? बिडीच्या पुडक्यावर नंबर लिहून घेतले. माझ्या नोकरीतला पहिला आंतरराज्य करार तो.

त्याचा उपयोग पुढच्या हिवाळ्यात झाला. जंगलात जाळरेषा घेतात. म्हणजे उन्हाळ्याआधी ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून मुद्दाम जाळून ठेवायचा, नंतर आग आली तर तिला खायला काही मिळू नये. हद्दीवरची जाळरेषा एकट्याने घेतली तर अर्धवट राहते. आम्ही जानेवारीत जाळायचो, ते फेब्रुवारीच्या शेवटी, आणि त्यांच्या ठिणगीने आमचं जंगल पेटायचं. कधी आमच्या ठिणगीने त्यांचं. त्या वर्षी दोघांनी एकाच सकाळी, दव असताना, समोरासमोर उभं राहून पट्टा जाळला. वरिष्ठांना कळवलं, पण परवानगीची फाइल दोन राज्यांत फिरवली नाही, नाहीतर ती अजून फिरत असती. मी तिथे होतो तोवर त्या कड्यावर पुन्हा तसा वणवा चढला नाही.

हल्ली डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीचा एसएमएस पाठवते. चांगली सोय आहे. पण उपग्रह दिवसातून काही ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो आणि लहान आग त्याला दिसत नाही. पलीकडच्या गड्याचा फोन त्याच्याआधी येतो.

दुसरं उदाहरण वाघाचं. हे तुम्हाला वर्तमानपत्रात वाचून माहीत असेल. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला 2019 च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला आणि पुढच्या नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. महाराष्ट्रातले जिल्हे, तेलंगणातला आदिलाबाद, परत इकडे, असं करत शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. 2021 च्या मार्चमध्ये टिपेश्वरचाच एक वाघ गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात आला. 2024 च्या डिसेंबरात आणखी एक, चार-पाचशे किलोमीटर चालून थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात. येडशीचं अभयारण्य सगळं मिळून बावीस-तेवीस चौरस किलोमीटरचं, वाघाला एका फेरफटक्याचं. आणि त्याच्या महिनाभर आधी किनवटकडून एक वाघ आदिलाबाद-निर्मलच्या जंगलात गेला, त्याला तिकडच्या बातम्यांनी 'जॉनी' करून टाकलं.

ही जनावरं कुठून गेली? जंगलातून नव्हे, आपल्याकडे सलग जंगल आहेच कुठे. नाल्यांच्या काठची झाडी, पैनगंगेचं खोरं, उसाचे फड, तुरीची रानं, माळावरची झुडपं, हाच त्यांचा रस्ता. वाघ टिकवायला टिपेश्वर, पैनगंगा आणि तेलंगणातला कवाल हे तीन रंगीत ठिपके पुरत नाहीत. मधली तुमच्यासारख्यांची ऐंशी-ऐंशी एकरं लागतात, आणि त्यांची नोंद कुठल्याही व्याघ्रप्रकल्पाच्या नकाशात नसते. वाघ आला की दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांना सगळ्यात आधी लागतो तो ठसा: पंजाचा आकार, दिशा, वेळ. एकाने दुसऱ्याला रात्रीच कळवलं, तर पलीकडच्या गावात दवंडी होते आणि पहाटे कोणी एकटं शेताला जात नाही. सरकारी टपालाने कळवलं, तर माणूस किंवा वाघ, दोघांपैकी एकाचा पंचनामा करावा लागतो.

रोही आणि रानडुकरांचं दुखणं वेगळं. रोज रात्री शेत तुडवलं जातं आणि भरपाईचा अर्ज करून चपला झिजतात. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. माळ खायला लायक राहिला तर जनावर शेतात कमी येतं एवढं मी पाहिलं आहे. अजिबात येत नाही, असं नाही पाहिलं.

आता पाणी. सहकार्याचा खरा ताळेबंद इथे मांडावा लागतो.

मांजरा पाटोदा तालुक्यात बालाघाटावर उगम पावते. बीड, धाराशिव, लातूर करत बीदरला जाते, तिथून तेलंगणात. तिथे सिंगूर आणि निजामसागर ही धरणं. सिंगूरचं पाणी हैदराबाद शहर वर्षानुवर्षं प्यायलं. मग तुमच्याच बाजूला वळून कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते. सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास लांबी, तीन राज्यं. पण ती जिथे जन्मते तो डोंगर राखायला माझ्या वेळी एक वनरक्षक होता. त्याच्याकडे एक मोटारसायकल, तिलाही पेट्रोल स्वतःचं. खालची धरणं गाळाने भरतात त्यातली माती कुठून येते, हे खालच्या कोणी वर येऊन पाहिल्याचं मला आठवत नाही.

पाण्याच्या वाटपावर मात्र आपण भांडलो, कोर्टात गेलो आणि शेवटी व्यवस्थाही बसवली. धर्माबादजवळचा बाभळी बंधारा घ्या. 2013 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तेव्हापासून 1 जुलैला दरवाजे वर उचलायचे, 28 ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवायचे, 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. त्यावर त्रिसदस्यीय समिती आहे. दोन्ही राज्यांचे अभियंते बंधाऱ्यावर उभे राहून दरवाजे उचलतात, सह्या होतात. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना तो निकाल अन्यायाचा वाटतो, आणि ऐन पावसाळ्यात पाणी वाहून जाताना बघणाऱ्या माणसाचा राग मला समजतो. पण ठरलेली तारीख, ठरलेली माणसं आणि प्रत्यक्ष जागेवर भेट, या तीन गोष्टी तिथे आहेत म्हणून ती व्यवस्था इतकी वर्षं चालली. पाणी आल्यावर कसं वाटायचं याची समिती आहे. पाणी जिथे मुरतं त्या डोंगराची तशी समिती नाही.

जगात मोठमोठे करार झालेत. अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या आठ देशांचा सहकार्य करार 1978 चा. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते सगळे ब्राझीलमधल्या बेलेमला जमले. जाहीरनामा लांबलचक निघाला, पण जंगलतोड अमुक सालापर्यंत शून्यावर आणू, या एका ओळीवर त्यांचं एकमत झालं नाही. पंचेचाळीस वर्षं जुना करार असून ही गत. म्हणून तुमच्या कार्यशाळेत सामंजस्य कराराचा नमुना वाटला असेल तर तो घडी घालून ठेवा. घाई नाही.

आपल्याकडे हे जमून आल्याची उदाहरणं आहेत, पण ती खात्यांपेक्षा पाणलोटाच्या कामातली. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत 1996 पासून, इंडो-जर्मन कार्यक्रमातून, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली माथा ते पायथा काम झालं. आधी डोंगरावर चर, मग उतारावर बांध, शेवटी नाल्यात बंधारे. आज लोक तिथली द्राक्षं आणि शेततळी बघायला जातात, पण मला त्या कामातला क्रम महत्त्वाचा वाटतो. माथ्यावर ज्याची जमीन त्याला पहिल्या दोन वर्षांत काहीच मिळत नाही, फायदा पायथ्याच्या विहिरीला. तो माणूस कशासाठी थांबेल? पायथ्याचे लोक त्याच्यासाठी काहीतरी सोडतील तर थांबेल. गावात हे बैठकीत ठरवता येतं. दोन जिल्ह्यांत, दोन राज्यांत ते पैशांशिवाय ठरत नाही.

आणि पैशांची वाट अगदीच बंद नाही. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा ठरवताना वने आणि पर्यावरणाला 10 टक्के भारांक दिला. त्यात दाट जंगल मोजलं. म्हणजे ज्या राज्याने जंगल राखलं त्याला थोडी जास्त रक्कम मिळते, हे तत्त्व देशाने मान्य केलं आहे. मग तेच तत्त्व राज्याच्या आत का नको? ज्या तालुक्यांत नद्यांचे उगम आहेत, त्यांच्या ग्रामपंचायतींना खालच्या शहरांच्या पाणीपट्टीतून हिस्सा का नको? आणि मोजायचं ते फक्त दाट जंगल नको, राखलेलं गवतही मोजावं, नाहीतर मराठवाड्याच्या पदरात काहीच पडायचं नाही. लातूरसारख्या शहराने रेल्वेच्या पाण्याचा अनुभव घेतला आहे. बालाघाटातल्या कुरणासाठी वर्षाला थोडी रक्कम बाजूला काढणं त्याला परवडेल. हे माझं मत आहे, कुठल्या शासननिर्णयात शोधू नका.

यात एक काटा आहे. सहकार्य वरच्या वर ठरलं की खालचे लोक बिथरतात, आणि बरोबर बिथरतात. 2025 मध्ये तेलंगणाने कवाल आणि ताडोबाच्या मधला कुमरम भीम जिल्ह्यातला पट्टा संवर्धन राखीव म्हणून घोषित केला. कागदावर सुंदर कल्पना, वाघांच्या वाटेवरची. पण तिथल्या आदिवासींना वाटलं, आता आपल्याला हुसकावणार. आंदोलन झालं आणि आदेश जुलैतच स्थगित करावा लागला. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. तो वाजवून घेतला की काय होतं ते गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावाने दाखवलं. ग्रामसभेला वगळून केलेला करार त्या दोन सरकारांचा, जंगलाचा नव्हे. आणि रात्री आग विझवायला सरकारं येत नाहीत.

आता तुमच्या गावाबद्दल. तुमची टेकडी मी पाहिलेली नाही, पण तुमच्या बाजूला काळ्या बेसाल्टऐवजी ग्रॅनाइटचे गोटे असतात. फटीफटीत माती, मधे वाळूसारखा मुरूम. अशा जागी जेसीबी फिरवून सरसकट खड्डे घेऊ नका. आधी एक पावसाळा नुसती चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करा, तीही अर्ध्याच टेकडीवर, म्हणजे जनावरांना जागा राहील. पळस, आपटा, हिवर, बोर, सीताफळ हे जमिनीत मुळं धरून बसलेले असतात, तोड थांबली की स्वतःहून फुटतात. फुटलेल्यातला एक सरळ फुटवा ठेवून बाकीचे विरळ केले की तीन वर्षांत झाड दिसतं. रोपाचा, टँकरचा, खड्ड्याचा खर्च नाही. दोष एकच, उद्घाटनाला नारळ फोडायला काही नसतं.

रोजगार हमीतून सलग समतल चर घ्यायचे असतील तर उताराच्या मधल्या भागात घ्या आणि चराच्या भरावावर गवताचं बी टाका. गवत बसलं नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात चर गाळाने भरतात आणि कंत्राटदार पुन्हा तेच चर खोदायला हजर.

मेंढपाळांशी आधी बोला. सुगीनंतर तुमच्याकडे कर्नाटक-तेलंगणातूनही कळप येत असतील. त्यांना शत्रू केलंत तर चराईबंदी आठवडाभर टिकेल. शेतात मेंढ्या बसवण्याच्या बदल्यात टेकडी सोडायची, हा जुना व्यवहार आहे. शेतकऱ्याला खत, त्यांना धान्य. त्यात फक्त तारखा ठरवून घ्या. गवत कापून नेण्याची परवानगी घराला एक विळा अशी द्या, बैलगाडी नको. देवणी जनावरं बीदरच्या गावांतही आहेत, लातूरलाही, तुमच्याकडेही. कुरणाच्या बियाण्यासाठी आणि वळूसाठी पलीकडच्या पशुपालकांशी ओळख काढा. हवामानबदलाचा उच्चार न करता दहा गावं एकत्र आणणारा याहून सोपा विषय मला माहीत नाही.

अध्यक्ष म्हणून तुमच्या हातात एक कायदेशीर कागदही आहे, लोक जैवविविधता नोंदवही. बहुतेक गावांत ती कोणा संस्थेकडून एकगठ्ठा करून घेतलेली असते, आणि देगलूरच्या नोंदवहीत कोकणातली झाडं सापडतात. तुमची काढून वाचा. चुकीची असेल तर गावातल्या म्हाताऱ्या बायका आणि गुराखी घेऊन नव्याने करा, आणि हद्दीपलीकडच्या एका गावाला सोबत घ्या. दोन्हीकडचं गवत, पाणवठे, रोह्यांच्या वाटा, वणवा दरवर्षी कुठून चढतो ती जागा, हे सगळं एकाच हाताने काढलेल्या नकाशावर. गायरान सौर प्रकल्पाला द्यायचा प्रस्ताव उद्या आला, तर 'पडीक' या शब्दाविरुद्ध दाखवायला तुमच्याकडे काहीतरी लेखी असेल. मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही. पण माळ रिकामा आहे असं समजून ती येते, तेव्हा गुरं कुठे जातील हे कोणीतरी विचारायला हवं.

वणव्याचा हंगाम खात्याच्या हिशेबाने 15 फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी, जानेवारीतच, तुमचा वनरक्षक, पलीकडच्या राज्यातला त्याचा जोडीदार, दोन्हीकडचे पोलीस पाटील आणि तुम्ही, असे पाच-सहा जण हद्दीवर एकदा भेटा. तिकडे पोलीस पाटील हे पद नसेल तर जो कोणी गावात वजन राखून असेल तो. बॅनर, फोटो काही नको. सोबत चहाचा थर्मास, आणि नंबर कागदावरही लिहून घ्या. मोबाइल नेमका त्या रात्री बंद असतो.

आणि मला एवढं कळवा: टेकडीवर सध्या कोणतं गवत आहे? नुसती कुसळी असेल तर जमीन फार थकलेली आहे, पहिली दोन वर्षं चराईबंदीशिवाय दुसरं काही करू नका. गोट्यांच्या आडोशाला कुठे पवन्याची किंवा मारवेलची ठोंबं उरली असतील तर दिवाळीनंतर त्यांचं बी गोळा करून ठेवा. ते विकत मिळत नाही.